साठा खाणारा फोल्डर

चंद्रावरच्या संशोधन तळाचा साठा (संगणकात माहिती ठेवायची जागा) परवा पाव भरला होता, काल निम्मा, आणि आज काठोकाठ. बरं, या दोन दिवसांत कोणी नवं काही ठेवलं होतं म्हणावं, तर तसंही नव्हतं.

दुपारी धान्याचं यान उतरणार होतं. त्याची माहिती टिपायला जागा हवीच होती. टिपणीस नावाच्या यंत्रमानवाने तेवढ्यात गुन्हेगार शोधलासुद्धा.

"सगळ्यात जास्त फायली शर्वरीच्या फोल्डरमध्ये (फायलींच्या कप्प्यात) आहेत. नऊ हजार. पुसून टाकतो."

अकरा वर्षांच्या शर्वरीचा चेहरा पडला. चंद्रावर रुजलेल्या पहिल्या पावट्याच्या वेलाचे ते फोटो होते, बी फुटल्यापासून तासातासाला काढलेले. ते गेले तर पुन्हा कुठून आणणार?

"आत्या, सांग ना याला!"

नीलाक्षीआत्या तळाची संगणकतज्ज्ञ. घाईगर्दी तिला मुळीच खपत नसे.

"टिपणीस, फायली किती ते मोजलंस. त्या केवढ्या आहेत ते पाहिलंस? शंभर मोहऱ्या आणि एक भोपळा. जागा कोण अडवतं?"

"भोपळा," टिपणीस म्हणाला. प्रामाणिक होता बिचारा.

आत्याने शर्वरीलाच स्क्रिप्ट (संगणकाला ओळीने लिहून दिलेल्या सूचना) लिहायला बसवलं.

"फोल्डर उघडायचा, आतल्या फायलींच्या आकारांची बेरीज करायची," शर्वरी म्हणाली.

"आणि आत आणखी एक फोल्डर निघाला तर?"

शर्वरी जरा घुटमळली. "त्यातही शिरायचं. तिथेही हेच करायचं. येईल ती बेरीज बाहेरच्यात मिळवायची."

"झालं की मग! शेवटी मोठा आकडा वर, लहान खाली."

स्क्रिप्ट चालली. शर्वरीचा फोल्डर पार तळाला होता, साठ्याच्या शंभरात एक भागही नाही. सगळ्यात वर होता 'सुरक्षाप्रती', शंभरात सत्त्याण्णव! तो टिपणीसचा फोल्डर. गेल्या पाच रात्री तो साठ्यातल्या प्रत्येक गोष्टीची प्रत काढून, रोज सगळ्यांची मिळून एकच भलीमोठी फाईल बांधून तिथे ठेवत होता. प्रत्येक म्हणजे आधीच्या प्रतींचीसुद्धा. म्हणून साठा रोज दुप्पट होत गेला.

"म्हणजे मीच," टिपणीस म्हणाला. "सगळ्या प्रती आत्ताच पुसतो."

"थांब! एक नीट उघडणारी प्रत ठेव, बाकीच्या पूस," शर्वरी म्हणाली. "अरे, माझे फोटो तू पुसले असतेस, तर तुझ्याच प्रतीतून परत मिळाले असते."

टिपणीसने तसं केलं. शर्वरीने त्याच्या सूचनांत एक ओळ वाढवली: प्रती काढताना 'सुरक्षाप्रती'मध्ये शिरायचं नाही.

यान उतरलं, त्याची माहिती आरामात मावली. आत्या खूश होती. "पुढच्या वर्षी मंगळावर तळ उभा राहतोय. तुझी स्क्रिप्ट तिकडे पाठवू या. खाली नाव घाल."

शर्वरीने दोन नावं घातली.

"टिपणीसचं कशाला? त्याने तर घोटाळा केला!"

"त्याला काही हरवू द्यायचं नव्हतं, आत्या," शर्वरी म्हणाली. "मला तरी दुसरं काय हवं होतं?"