पुढच्या सीटवरचं वजन

दुसऱ्या दिवशी बायकोला घाटापलीकडे, तिच्या आजारी बहिणीकडे न्यायचं होतं. मागे बसली की तिला उलट्या होतात, म्हणून ती पुढेच बसणार. आणि आमच्या जुन्या व्हॅनचा एअरबॅगचा लाल दिवा पुन्हा पेटलेला. म्हणजे धडक बसली तर बॅग उघडेल याचा भरवसा नाही. आधीच्या गॅरेजवाल्याने दुरुस्तीच्या नावाखाली त्या दिव्यावर चक्क काळी पट्टी चिकटवली होती; ती गळून पडली तेव्हा कळलं. पत्रकारितेत बातमी दाबणारे मी जन्मभर पाहिले; दिवा दाबणारा हा पहिलाच.

दुपारीच धुकं उतरलं होतं. नव्या गॅरेजात बाहेरचे आवाज कापसातून गाळल्यासारखे येत होते.

“सरळ फसवणूक आहे ही! छापणार मी.”

“छापा काका, पण आधी दारातून बाजूला व्हा. ओरडून वायर जुळत नाही,” इलेक्ट्रिशियन बाई म्हणाली.

तिने बॅटरी सोडवली, बॅग चुकून उघडू नये म्हणून थोडा वेळ जाऊ दिला, मग पुढच्या सीटखाली हात घातला. सीट सरकून सरकून तिथली वायर तुटली होती.

“सीटवर कोण बसलंय ते ही वायर सांगते. मोठं माणूस असेल तर बॅग चालू. लहान मूल असेल तर बंद. त्याला बॅगेचा तडाखा सोसत नाही.”

तिने नवी वायर जोडली, बॅटरी परत लावून किल्ली फिरवली. लाल दिवा विझला. मी सुस्कारा सोडतोय तोच शेजारी एक पिवळा दिवा अलगद उमलला.

“आता हा कसला?”

ती गाडीला जोडलेल्या स्कॅनरकडे बघत राहिली. “बॅग बंद... मूल बसलंय म्हणतोय.”

सीट रिकामी होती. मी हात ठेवला. कापड कोमट होतं. दुधाचा मंद वास आला.

“वायर उलटी लावलीस तू!”

“नाही काका...” तिचा आवाज खाली आला. “आत्ताच ती बरोबर लागलीय.”

मंत्र्यांनाही मी जाब विचारला आहे. रिकाम्या सीटला काय विचारणार?

शेवटी ती स्वतःच बसून बघते म्हणाली. अगदी कडेला टेकली. पिवळा दिवा गेला. “झालं,” ती पुटपुटली आणि उठून हात धुवायला गेली. बराच वेळ धूत होती.

सकाळी बायको बसली तेव्हाही दिवा लागला नाही. मी निर्धास्त झालो. घाटात धुकं काचेला चिकटलं, तिला डुलकी लागली. झोपेतच तिने गुडघे जुळवले. हात मांडीवर हलकेच थोपटू लागला.

पिवळा दिवा लागला.

मी गाडी बाजूला घ्यायला ब्रेक दाबला.

“अहो, हळू...” डोळे न उघडता ती कुजबुजली. “आत्ताच झोपलंय.”