न घेतलेलं नाव

आलापल्लीच्या अलीकडच्या वन-तपासणी नाक्यावर नाटक कंपनीचा ट्रक अडवला गेला, तेव्हा रंजीता खोब्रागडे केबिनमध्ये बसून भाषण पाठ करत होती. दुपारचं ऊन सागाच्या मोठमोठ्या पानांतून रस्त्यावर सांडलं होतं. बाहेर कोणीतरी ड्रायव्हरला विचारत होतं, "मागे लाकूड काय आहे?"

"नाटकाचं सामान आहे साहेब. पडदे, फळ्या… अन् एक सिंहासन."

"सिंहासन सागवानाचं दिसते. परवाना?"

ड्रायव्हर डोकं खाजवू लागला, तशी रंजीता खाली उतरली. केस तेलानं चापून बसवलेले, खांद्यावर ओढणी, पायात स्लिपर. समोर खाकी वर्दीतला तरुण वनरक्षक वही उघडून उभा होता.

"गार्डसाहेब, सिंहासन तुमी ठेवून घेतलं तं आमची राणी कुठी बसणार?"

"राणी कोण?"

"मीच."

त्यानं तिच्याकडे खालून वर पाहिलं. नजर पुन्हा खाली गेली. "राणीच्या चपलेले पिन लावली आहे—"

"राज्य गरीब आहे ना, बाप्पा!"

त्यानं हसू दाबायचा फार प्रयत्न केला. ओठ घट्ट मिटले, वहीत तोंड घातलं… पण खांदे हलायचे ते हललेच. तोवर रंजीता ट्रकवर चढून सिंहासनावर जाऊन बसलीसुद्धा. "करा पंचनामा. पण नीट लिहा. सागवान एक नग, राणी एक नग."

"नाव?"

"रंजीता. पोंभुर्ण्याची. अन् तुमचं?"

"अतुल मडावी." मग त्याच्या लक्षात आलं, नाव विचारायचं काम त्याचं होतं, सांगायचं नव्हे. त्याचे कान लाल झाले. त्यानं फाटक उचलायला लावलं, पण ट्रक हलता हलता हळूच विचारलं, "नाटक कुठी आहे आज?"

रंजीता एकोणिसाव्या वर्षी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर आली होती. बाबा धान पिकवायचे. आई, नीलाबाई, लेकीच्या पहिल्या प्रयोगाला पदर तोंडाशी धरून बसली होती. दिवाळी झाली की वडशाहून कंपन्या निघत आणि होळीपर्यंत आज या गावात, उद्या त्या गावात. दोन वर्षं तिनं नायिकेच्या मैत्रिणी केल्या, एक वर्ष खाष्ट नणंद. मग मालक गुणवंतरावांनी एकदा तिला रडताना पाहिलं आणि राणीच करून टाकलं.

त्या हिवाळ्यात अतुल तीन प्रयोगांना आला. पुढच्या हिवाळ्यात किती, ते दोघांनीही मोजलं नाही. तो मेकअपच्या खोलीत कधी आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, कंपनी ज्या घरी उतरली असेल तिथल्या आवारात मोटारसायकल लावायचा आणि खिशातून मूठभर बोरं काढून तिच्या ओंजळीत घालायचा.

"काल तिसऱ्या अंकात तुमी लय रडल्या."

"कसं वाटलं?"

"पाहावलं नाई… मी बाहेर जाऊन उभा राह्यलो."

प्रेक्षकांच्या टाळ्या ती रोजच ऐकायची. पण तिचं रडणं सोसवत नाही म्हणून उठून जाणारा प्रेक्षक तिनं पहिल्यांदाच पाहिला. 'तुमी'चं 'तू' केव्हा झालं, तेही कळलं नाही.

सीझन संपत आला होता. मोहाची फुलं पडायचे दिवस. सगळ्या रानाला गोड, जड वास सुटलेला. दोघं गावाबाहेर मोहाखाली उभे होते. अतुल बुटानं माती उकरत होता.

"आई म्हणत होती, लग्नाचं काय? मी म्हटलं, विचारून सांगतो."

"कोणाले विचारून?"

"विचारूनच राह्यलो ना…"

रंजीताला पानंच्या पानं मुखोद्गत, पण "मी नाटक नाई सोडणार," एवढंच तिच्या तोंडून आलं.

"सोड कोण म्हणते? तू राणी हो. मी नाक्यावर आहेच."

ती हसली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "एक सीझन जाऊ दे. मग बाबाले सांगते."

तो सीझन तिचाच ठरला. पोस्टरवर फक्त तिचा चेहरा, नाव मालकाच्या नावापेक्षा मोठं. गुणवंतराव तिला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, हिरॉईनचं लग्न ठरलं म्हटलं की मागच्या रांगेतल्या पोरायचं मन मोडते. कोणी विचारलं तं कोणी नाई म्हणजो."

आणि विचारलंच. मोबाईलवर मुलाखती घेणारा एक चॅनलवाला आला. भोवती शंभरेक माणसं जमली. त्यानं माईक पुढे केला. "मॅडम, तुमच्या आयुष्यात कोणी आहे का?"

नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण समोर गर्दी होती, आणि गर्दी हसायला तयार होती. "कोणी नाई हो! एक फॉरेस्ट गार्ड आहे, मागे लागला आहे. बोरं आणून देते. आता बोरांवर कोण लग्न करते?"

केवढा हशा! रंजीताही हसली. तीन दिवसांत दोन लाख लोकांनी ते पाहिलं. कंपनी जिथं जिथं उतरायची, तिथं बोरं आणणारा गार्ड कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अतुलनं चौथ्या दिवशी फोन उचलला. ती म्हणाली, "नाटक होतं रे ते." तो म्हणाला, "माहीत आहे." आवाजात राग नव्हता, म्हणूनच तिला भीती वाटली. मोकळा दिवस मिळताच ती एसटीनं आलापल्लीला गेली.

नाक्यावर तो एकटाच होता. तिला बसायला खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं. ती बोलायला तोंड उघडणार तोच एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढली. "काय साहेब, बोरं देता का पावशेर?" अतुलनं कागद पाहिले, शिक्का मारला, फाटक उचललं.

"रोज?" तिनं विचारलं.

"रोज."

"माह्यं चुकलं, अतुल. माफी मागते."

"इथी कोण ऐकते?" तो शांतपणे म्हणाला. "थट्टा दोन लाख लोकायनं ऐकली. माफी तू मलेच ऐकवून राह्यली."

त्याचं खरं होतं. त्याच आठवड्यात, कुठल्याही गावात, पडदा उघडण्याआधी दोन वाक्यं बोलायची होती. पण सीझनचे दोन महिने उरले होते, गुणवंतरावांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, आणि रंजीता म्हणाली, "सीझन झाला की बोलते. सगळ्यायसमोर. नक्की."

त्यानं शिक्का पुसून जागेवर ठेवला. मग म्हणाला, "बरं."

पुढे कितीतरी दिवस तिला ते 'बरं' ऐकू येत राहिलं. माणूस भांडला तर त्याला अडवता येतं. 'बरं' म्हणणाऱ्याला कसं अडवायचं?

सीझन संपला. भद्रावतीला भर दुपारी तिचा सत्कार ठेवला होता. शाल, नारळ, पुढच्या रांगेत गुणवंतराव आणि तोच चॅनलवाला मोबाईल उंच धरून. रंजीतानं माईक हातात घेतला.

"मी एका माणसाची थट्टा केली होती. तुमी सगळे हसले होते. ते खोटं होतं. त्याचं नाव अतुल मडावी. आलापल्लीच्या नाक्यावर असते. त्यानं मले विचारलं होतं, अन् मी हो म्हणाले होते… मनातल्या मनात. आज मोठ्यानं म्हणून राह्यली."

मग मागून एका बाईनं टाळी वाजवली, आणि सगळ्यांनीच. गुणवंतराव मात्र मान खाली घालून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भद्रावतीच्या बसस्टँडवर असताना त्याचा फोन आला.

"पाह्यलं," तो म्हणाला.

"मग?"

"छान बोलली." पलीकडे कुठेतरी पाखरू ओरडत होतं. "रंजीता… साक्षगंध झालं माह्यं. मंगळवारी."

आज शुक्रवार होता, साखरपुडा होऊन तीन दिवस झाले होते. तिनं बाकाची कड घट्ट धरली. "सांगितलं काऊन नाई?"

"तू म्हणली होती, सीझन झाला की. मी लय वाट पाह्यली. मग आईनं पोरगी दाखवली. मले वाटलं, तू बोलणार नाई. तू दहा दिवस आधी—"

"दहा दिवस आधी काय?"

"काई नाई. पोरगी चांगली आहे. अंगणवाडीत शिकवते. तिनंही पाह्यलं तुह्यं कालचं. रडली."

बोलायला पुष्कळ होतं. 'मोड ते साक्षगंध' असं म्हणता आलं असतं, आणि म्हणायचं कसं, हे तिला इतर कोणाहीपेक्षा चांगलं येत होतं. पण अंगणवाडीतली ती अनोळखी मुलगी तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली… मोबाईल हातात धरून रडणारी.

"नाव काय तिचं?"

"सीता."

"कोणी विचारलं, तुह्यं कोणी आहे का, तं असंच लगेच सांगजो. हसू नको. आता ठेव. माह्यी बस लागली."

बस लागली नव्हती. लागली तेव्हाही ती चढली नाही. पदर तोंडाशी धरून बाकावरच बसून राहिली, तशी शेजारची म्हातारी म्हणाली, "बाई, तुमी त्या नाटकातल्या ना? किती खरं रडता!"

रंजीता अजून काम करते. त्याच कंपनीत, राणीच. गुणवंतरावांनी पुढं कधी तो विषय काढला नाही आणि कोणाला काय सांगायचं, हेही शिकवलं नाही. मुलाखतवाले मात्र अजून विचारतात, "मॅडम, कोणी आहे का?"

"होतं," ती म्हणते. "माह्याच तोंडानं घालवलं."

"नाव सांगा ना मॅडम…"

तेव्हा ती मान हलवते. एटापल्लीच्या बाजूला एका घरात ते नाव घेणारी दुसरी आहे. सणासुदीला, चारचौघींत, लाजत लाजत घेत असेल. ते आता तिचं.