सात आठे चोपन्न

सोमवारी बाराच्या सुमारास फरशीवाला मोजमाप घ्यायला आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या तोंडात होते. दातांच्या डॉक्टरला आयुष्यात हीच काय ती चैन – समोरचा कितीही विद्वान असो, तो ऐकून घेतो.

"आत येऊ?" दारातून आवाज आला.

"आलाच आहात. बूट बाहेर काढा."

"काढले असते... पण ही फरशी बघता बूटच बरे वाटतात."

तिने वळून पाहिलं. उंच, धुळकट, कानावर पेन्सिल. तो रुग्णांच्या बसायच्या खोलीत गुडघे टेकून टेप पसरत होता.

"एवढी कशाने फुटली हो?"

"आत ड्रिल सुरू झालं की बाहेरचे एकदम उभे राहतात."

तो हसला. वरच्या ओळीतला त्याचा एक दात शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकून उभा होता. सरळ करता आला असता. करू नये असं तिला वाटलं, आणि धंद्याच्या दृष्टीने हे लक्षण काही चांगलं नव्हतं.

"गुरुवारी येतो, संध्याकाळपर्यंत बसवून देतो," जाताना तो म्हणाला. "फक्त दीड ते दोन मी कामाला हात लावत नाही. आधीच सांगितलेलं बरं."

"मीही लावत नाही," ती म्हणाली.

दीड ते दोन तिचा डबा असायचा आणि गणितं असायची. सहा महिन्यांपूर्वी मावसबहिणीने फोनवर गणितांच्या खेळाचा एक ग्रूप काढला होता. त्यात चौघं होती. मावसबहीण हरली की नेटवर्कला दोष द्यायची. तिचा नवरा ऑफिसच्या मीटिंगमध्ये लपून खेळायचा, एकदा तो भान हरपून "एकशे चव्वेचाळीस!" असं ओरडला आणि साहेबांनी ते वर्षाचं उद्दिष्ट म्हणून लिहून घेतलं. तिसरी ही डॉक्टरीण. चौथा त्या नवऱ्याचा कुणी शाळासोबती. नाव, फोटो, व्यवसाय काही सांगायचं नाही, असा नियम हिनेच घातला होता, कारण दातांची डॉक्टर म्हटलं की लोक लगेच तोंड उघडून दाखवतात. तिने नाव घेतलं 'अक्कलदाढ'. शाळासोबत्याने घेतलं 'सुसाट'.

सुसाट होताही तसाच. सतरा गुणिले सोळा त्याला दोन सेकंद पुरायचे. गुरुवारी त्या दोघांचा सामना असायचा: अकरा गणितं, आधी बरोबर उत्तर देईल त्याला गुण, चुकलं तर तो गुण समोरच्याला. सामन्यानंतर पाच मिनिटं गप्पा व्हायच्या. मग दहा मिनिटं. मग डबा तसाच राहायला लागला.

महिन्यापूर्वी त्याने लिहिलं – भेटूया का?

तिने लिहिलं – जिंकलास तर.

तोवर पाचातले तीन सामने तोच जिंकायचा. म्हणजे येत्या गुरुवारी काम होणार, असा तिचा हिशेब. तिने मनातल्या मनात साडीसुद्धा ठरवली. आणि त्या गुरुवारपासून हा पठ्ठ्या हरायला लागला! एकदा सात आठे आलं, एकदा आठ साती, एकदा छप्पन भागिले आठ, आणि तिन्ही वेळा हा चुकला. तेही थाटात, सेकंदाच्या आत.

"अगं, येत नसेल त्याला," मावसबहीण फोनवर म्हणाली.

"ताई, वेडी का तू? तीन आकडी गुणाकार करणाऱ्याला सात आठे येत नाही? भेटायचं नाहीये त्याला. तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून हरतोय."

"तुझ्यासाठी हरणारे पुष्कळ निघतील. तुला टाळायला हरणारा पहिलाच."

गुरुवारी दवाखाना रुग्णांसाठी बंद होता. बाहेर फरशीवाल्याचं ठोक-ठोक चाललं होतं. दीडला ते थांबलं. तिने आतलं दार लावून घेतलं, डबा बाजूला सारला.

पाच-पाच. शेवटचं गणित – सात गुणिले आठ.

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. घे बाबा. दहा सेकंद आहेत. सगळे तुझे.

पहिल्याच सेकंदाला पडद्यावर लाल अक्षरांत उमटलं – ५४. काहीही न करता ती जिंकली. बाहेर कुणीतरी मोठ्याने कण्हलं. हातोडी पायावर पडली असणार. बरं झालं, तिच्या मनात आलं. त्या घटकेला समस्त पुरुषजातीबद्दल तिचं हेच मत होतं.

'भेटायचं नव्हतं तर सरळ सांगायचंस. सोंगं कशाला?' तिने लिहिलं आणि उत्तर यायच्या आत ग्रूप सोडला. मग कधी नव्हे ते डबा संपवला. चव लागली नाही.

चारला दारावर टकटक झाली.

"डॉक्टर... एक घोटाळा झालाय."

ती बाहेर आली. खोली लख्ख झाली होती, सिमेंटचा ओला गार वास येत होता. फक्त दाराशी दोन चौकोन उघडे.

"दोन कमी पडल्या," तो म्हणाला. कानामागची पेन्सिलसुद्धा ओशाळलेली दिसत होती.

"मोजून आणल्या नव्हत्या?"

"मोजून, वर तुटफुटीच्या चार. एरवी त्यातली एकही लागत नाही, त्यामुळे निभतं. आज चारही फुटल्या. दुपारपासून हात ठिकाणावर नाही माझा."

"इकडून किती?" तिने तुटकपणे विचारलं.

"सात."

"तिकडून?"

"आठ."

"मग सात आठे?"

"चोपन्न," तो म्हणाला. आपलं नाव सांगावं, तसं.

ती दोन पावलं पुढे आली.

"पुन्हा म्हणा."

"चोप–" तो थांबला. कान लाल झाले. "छप्पन असतं, माहितीय मला. लहानपणी एकदा चुकीचं बसलं ते बसलं. चुकीची फरशी एकदा घट्ट बसली ना, की उकरताना शेजारच्या फुटतात. घाईत तोंडातून तेच येतं... एका माणसाला हे पटत नाही. महिनाभर जिंकायला टेकलो होतो हो, आणि दर वेळी इथेच घोडं अडलं. आज निघूनच गेली ती."

"अक्कलदाढ," ती म्हणाली.

"हो, अक्कल–"

रबरी हातोडी त्याच्या हातून सुटली. नशिबाने उघड्या चौकोनात पडली. नाहीतर पाचवी गेली असती.

"तू?" तो पुटपुटला. मग भानावर येऊन, "तुम्ही?"

"सहा महिने तू म्हणून झाल्यावर आता कसले मान देतोस!"

"म्हणजे... भेट झाली आपली."

"छे. ही कामानिमित्त. अट होती – जिंकलास तर." तिने ओढणी सावरली आणि नव्या कोऱ्या फरशीवर बसकण मारली. "फोन काढ."

ती ग्रूपमध्ये परतली. मावसबहिणीने लगेच लिहिलं – 'आल्या बाई! रुसवा फक्त अडीच तासांचा?' तिने वाचलं न वाचलंसं केलं आणि नवा सामना लावला. ती दोघं समोरासमोर बसली होती, मधे दोन रिकामे चौकोन. तो एकदा पडद्याकडे बघत होता, एकदा तिच्याकडे, त्यामुळे दोन सोपी गणितं गेली. तिचीही गेली.

पाच-पाच. शेवटचं. यंत्राला लाज नसते – सात गुणिले आठ.

त्याचा अंगठा सवयीने पाचावर गेला, पुढे चारावर जायला निघाला...

"अरे, खाली बघ की," ती हळूच म्हणाली.

त्याने फरशीकडे पाहिलं. सकाळपासून एकेक हाताने बसवलेल्या चोपन्न. मग त्याचं बोट मधल्या पहिल्या चौकोनावर आलं. पंचावन्न. दुसऱ्यावर आलं. तिथे तिचा हात टेकलेला होता. छप्पन.

शेवटच्या सेकंदाला त्याने उत्तर दिलं.

"तू थांबलीस," तो म्हणाला. "मुद्दाम हरलीस!"

"बोटाला सिमेंट लागलं होतं."

"खोटं. दाखव बोट."

तिने दाखवलं. स्वच्छ होतं. त्याने ते तरीही बराच वेळ तपासलं.

उरलेल्या दोन फरश्या शनिवारी सकाळीच आल्या. अर्ध्या तासाचं काम. दुपारचे बारा वाजले तरी चालूच होतं. आत मुख्याध्यापक आ वासून खुर्चीत पडले होते.

"सात आठे?" डॉक्टरीणबाईंनी मान न वळवता विचारलं.

"चोपन्न..." बाहेरून आवाज आला.

मुख्याध्यापकांचे डोळे विस्फारले. छत्तीस वर्षांची नोकरी त्यांच्या घशाशी आली. पण तोंडात दोन हात होते.

"...आणि आपण दोघं," बाहेरून वाक्य पुरं झालं.

"हलू नका सर," ती म्हणाली. "उत्तर बरोबर आहे."