घोडी फेर्मीनची, घंटा निकानोरची

छापखाना डोंगरापलीकडे तेपेतान गावी न्यायचा होता, तोही सोळा सप्टेंबरच्या आत. सांगायला काम एवढंच. पण छापखाना ओतीव लोखंडाचा, डोंगर सिएरा गोर्दाचा आणि साल १८५९ चं! आता त्या बाजूनं आगगाडी जाते. सकाळी बसलेला माणूस जेवायच्या वेळेला पलीकडे उतरतो आणि वर तक्रार करतो की डब्यात फार उकडतं. म्हातारा निकानोर हे ऐकून नुसता हसतो. त्याच्या काळी त्या डोंगराला नऊ दिवस लागत. ते नऊ दिवस पुन्हा मिळाले तर आजही तो गुडघेदुखी विसरून निघेल.

स्पेनचा राजा जाऊन अडतीस वर्षं झाली होती, तरी देशाची घडी बसली नव्हती. एकीकडे नव्या राज्यघटनेची माणसं, दुसरीकडे पाद्र्यांची. घटनावाल्यांनी मठांच्या जमिनी काढून घेतल्या, जन्म-लग्न-मरणाची नोंद सरकारी दप्तरात आणली. पण खेड्यापाड्यांत पोचत होता तो पाद्र्याचाच आवाज: घटना मानील त्याच्या मढ्याला माती मिळणार नाही! बिचारे शेतकरी घाबरून पाद्र्यांच्या फौजेत भरती होत. म्हणून तेपेतानच्या घटनावाल्या सेनापतीला छापखाना हवा होता. सोळा सप्टेंबरला, स्वातंत्र्यदिनी, कायद्याचा कागद गावोगावच्या भिंतींवर लागला, तर निम्मी माणसं बंदूक टाकून घरी जातील, असा त्याचा हिशेब.

बंदरावर उतरलेला छापखाना घेऊन निघाले ते तिघं. निकानोर हा खेचरांच्या तांड्याचा मालक. तिबुर्सिओ हा त्याचा जुना गडी. ओझं बांधण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या डोंगरात कोणी नव्हता. आणि दोन्या सलोमे, म्हणजे सलोमेबाई, एका मुद्रकाची विधवा. नवऱ्याला पाद्रीवाल्यांनी गोळी घातली, तेव्हापासून छपाईचे खिळे जुळवायचं काम तिनं हाती घेतलं होतं. जीभ अशी, की तिच्यापुढे खेचरंसुद्धा कान पाडून उभी राहत.

नऊ खेचरांवर छापखाना सुटा करून लादला होता. सगळ्यात जड पाटा ज्याच्या पाठीवर होता, त्या खेचराचं नाव बिशप! सलोमेला हे कळल्यावर ती पोट धरून हसली. "जन्मात पहिल्यांदा बिशप घटनेच्या कामी आला म्हणायचा!"

आणि सगळ्यांच्या पुढे पांढरी घोडी. तिचं नाव नोव्हिया, म्हणजे नवरी. खेचराच्या जातीला घोडीचं भारी वेड. घोडीच्या गळ्यात घंटा बांधायची, ती पुढे चालवायची. मागं वळून पाहायची गरज नाही, नवरीमागं वऱ्हाड येतंच.

ही घोडी एके काळी वीस खेचरांपुढे चालायची. तांडा दोघांचा होता, निकानोरचा आणि फेर्मीनचा. फेर्मीन म्हणजे निकानोरच्या लेकीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलेला धर्मपिता. तिकडं या नात्याला 'कोंपाद्रे' म्हणतात, आणि ते सख्ख्या भावाच्या वरचं मानतात. बारा वर्षं दोघं एका ताटात जेवले. मग लढाई आली. फेर्मीनला वाटलं देवाशी वैर नको. निकानोरला वाटलं देवाचा आणि मठाच्या जमिनीचा काय संबंध? भांडण असं झालंच नाही. एका सकाळी त्यांनी मुकाट्यानं खेचरं वाटली.

"नवरी तुझ्याकडे राहू दे," फेर्मीन म्हणाला, "तुझ्याच हातावर वाढलीय ती. मी वऱ्हाड नेतो." अकरा खेचरं घेऊन तो पाद्रीवाल्यांच्या फौजेत गेला. खेचरं मागं वळून वळून पाहत होती. फेर्मीननं मात्र एकदाही पाहिलं नाही. तेव्हापासून निकानोरला मुक्कामावर एकट्यानं जेवण जात नसे.

चौथ्या दिवशी नदी फुगली. ओंडक्यांचा तराफा करून एकेक पेटी पार केली. सातव्या फेरीला दोर तुटला! कागदाचे चार गठ्ठे बघता बघता वाहून गेले. निकानोर कपाळाला हात लावून बसला.

"उठ रे," सलोमे म्हणाली. "कागद गेला तर मक्याच्या सालींवर छापीन. लोखंड शाबूत आहे ना?"

सातव्या दिवशी ते कड्याच्या वाटेवर पोचले. एका बाजूला उभा कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, मधे खेचराच्या पोटाएवढी वाट. पहाटेपासून धुकं इतकं दाट की पुढच्याची शेपटी दिसेना. आणि खालून वास आला. लाकडाच्या धुराचा, भाजलेल्या मिरचीचा. मग माणसांचे आवाज.

"फौज!" तिबुर्सिओ पुटपुटला. "पाद्रीवाल्यांची. एका हाकेवर आहेत, मालक."

निकानोरनं घायपाताचा वाख घंटेत कोंबला. घोडी पुढे निघाली. तांडा हलेना! धुक्यात घोडी दिसत नाही, घंटा वाजत नाही. खेचरं पाय रोवून उभी. ओढलं, ढकललं, कानात शिव्या घातल्या. बिशपनं तर डोळेच मिटून घेतले.

धुकं तासाभरात उठणार होतं. मग खालून सगळा तांडा उघडा दिसणार. निकानोरनं दात खाऊन वाख उपटला. टण्! टण्! खेचरं लगेच चालू लागली.

पन्नास पावलं गेली असतील. खालून चढत येणाऱ्या आडवाटेवर दगड घसरल्याचा आवाज आला. मग खुरांचा. एक नाही, दहा-बारा! तिबुर्सिओनं बंदूक रोखली. धुक्यातून वर आलं एक लांबकान्या खेचराचं तोंड, थेट घोडीच्या मानेला जाऊन भिडलेलं. त्यामागं दुसरं, तिसरं. अकराच्या अकरा! आणि त्यांच्यामागं धापा टाकत, हातात कोयता घेतलेला फेर्मीन.

फेर्मीननं कोयता खाली केला.

"बारीक झालास, कोंपाद्रे," तो म्हणाला.

"तू कुठला लठ्ठ झालायस! पाद्री उपास करायला लावतात वाटतं?"

"आमची घोडी चार दिवसांपूर्वी दरीत गेली. तेव्हापासून ही दांडगी ऐकेनात. आज हिची घंटा ऐकली नि दावी तोडून पळाली." त्याची नजर पेट्यांवर गेली. काय चाललंय ते त्याला कळलं. पण त्यानं विचारलं नाही. "खाली मक्याची पोती आहेत, तीस जखमी आहेत. खेचरं परत नेली नाहीत तर कॅप्टन मला भिंतीला उभा करून गोळी घालील. आणि घोडीशिवाय ही हलायची नाहीत. घोडी दे, निकानोर."

"घोडी दिली तर माझा तांडा इथंच मरेल."

"माहीत आहे मला."

"मालक," तिबुर्सिओ हळूच म्हणाला, "कोयत्याचा आवाज होत नाही."

"तोंड बंद ठेव!" निकानोर दबक्या आवाजात फिसकारला. मग त्याचा आवाज मऊ झाला. "तो माझ्या लेकीचा धर्मबाप आहे."

ज्यांनी सलोमेचा नवरा मारला, त्यांचाच माणूस समोर उभा होता. ती बराच वेळ फेर्मीनच्या फाटक्या चपलांकडे पाहत राहिली. मग कमरेची सुरी काढून ती घोडीजवळ गेली आणि तिनं घंटेचा पट्टा कापला.

"यानं घोडी मागितलीय," ती म्हणाली. "घंटा कुठं मागितलीय? धुक्यात तुझ्या बिशपला काय कळणार, घंटा कोणाच्या गळ्यात आहे ते!"

घोडी जाताना दिसू नये म्हणून तिबुर्सिओनं नऊही खेचरांच्या डोळ्यांवर चामडी झापडं ओढली. फेर्मीननं घोडीचा दोर धरला. त्याची अकरा खेचरं तिच्या अंगाला अंग घासत धुक्यात उतरली.

"लढाई संपली की आणून देतो हिला," तो म्हणाला.

"आधी तू ये!" निकानोर म्हणाला.

मग त्यानं घंटा आपल्या गळ्यात बांधली. झापडं निघाली. नवरीची चाल त्याला पाठ होती: दोन जड पावलं, एक हलकं. टण्, टण्... टण्. तो तसाच डुलत निघाला. मागं शांतता. मग एक खूर वाजला. मग दुसरा. वऱ्हाड निघालं!

वाट अरुंद झाली. बिशपचा मागचा पाय घसरला! धोंडा खाली गडगडला. निकानोर थांबला नाही. थांबला असता तर सगळीच थांबली असती. टण्, टण्... टण्. बिशप फुरफुरला, सावरला.

"कोण आहे वर?" खालून पहारेकरी ओरडला. बंदुकीचा घोडा चढवल्याचा आवाज आला. "घंटा कोणाची?"

निकानोरचे पाय चालतच राहिले.

"माझी रे!" धुक्यातून फेर्मीनचा आवाज आला, अगदी हसरा. "घोडी गावली मला! खेचरं गोळा करतोय. बंदूक खाली ठेव, नाहीतर पुन्हा बुजतील!"

कडा संपला तेव्हा धुकं उठत होतं. निकानोर खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. पुढचे दोन दिवस उजेडात नवरी दिसेना, तरी खेचरं घंटेवाल्या माणसामागं चालली. का चालली, ते त्यांनाच ठाऊक! पंधरा तारखेला तांडा तेपेतानला पोचला. दुसऱ्या दिवशी सलोमेनं, मिळेल त्या कागदावर, पहिलं पान छापलं.

लढाई आणखी सव्वा वर्षानं संपली. हरलेली माणसं दोघं-तिघं करून डोंगरातून उतरू लागली. निकानोर रोज वेशीवर जाऊन उभा राही. तीन महिने गेले. बायको म्हणाली, आता मेणबत्ती लावू या त्याच्या नावानं. निकानोरनं लावू दिली नाही.

एका दुपारी तो जेवायला बसला होता. कुंपणाबाहेर कोणीतरी उभं होतं. आत येत नव्हतं, जातही नव्हतं. निकानोर बाहेर आला. दाढी वाढलेली, एक हात गळ्यात बांधलेला, पाय अनवाणी. मागं ना खेचर, ना घोडी.

फेर्मीननं मान वर केली नाही. "माफ कर, कोंपाद्रे. शेवटच्या लढाईत तोफेचा गोळा आला. नवरीला आणता आलं नाही. आठ दिवस झाले, गावाबाहेर रानात दडून आहे. कुठल्या तोंडानं येऊ?"

निकानोरनं फाटक उघडलं.

"गाढवा," तो म्हणाला, "आठ दिवस मी एकटा जेवलो."