चढावरची टकटक

साहेब, तुम्ही खोटं बोललात.

तुमच्या खात्याची जुनी पिकअप लिलावात काढताना छातीठोकपणे सांगितलंत, "गाडीचं मागचं काही लफडं नाही." आमच्या दाजींनी विश्वास ठेवला. बहिणीचं घर त्याच गाडीवर चालतं.

मी मेकॅनिक. भुताखेतांना कधी भीक घातली नाही. पण हे माझ्यासमोर घडलंय. भर दुपारी, खाणीच्या चढावर.

तक्रार साधी होती. भरलेली गाडी चढाला लागली की टकटक. पेट्रोल अवेळी पेटलं की इंजिन असंच वाजतं. मी टायमिंग मागे घेतलं. प्लग बदलले. हेड उघडून कार्बन खरवडला. दुसऱ्या पंपावरचं पेट्रोल भरून पाहिलं.

टकटक तशीच.

"मेव्हणे, आता फक्त ड्रायव्हर बदलायचा राहिलाय," दाजी वैतागून म्हणाले.

शेवटी मीच शेजारी बसलो. मागे सिमेंटची पोती. निम्मा चढ झाला आणि...

टक टक.

"दाजी, इंजिन बंद करा."

त्यांनी हँडब्रेक ओढला. इंजिन गप्प झालं.

टक टक.

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून आम्ही आवाज शोधतो. बॉनेट उघडून लावला. काही नाही. मग केबिनच्या मागच्या पत्र्याला लावला...

टक टक. थेट कानात.

हौद्यात बसलेले मजूर गाडी थांबवायला हाच पत्रा ठोकतात. असाच. दोनदा.

मागे पाहिलं. पोती. नुसती पोती.

तेवढ्यात मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे कुरकुरले. गाडी मागून बोटभर उचलली गेली... कुणी उतरल्यासारखी.

दाजी हळूच म्हणाले, "तो खात्याचा आधीचा ड्रायव्हर... त्यालाही इंजिनच वाटलं असेल का हो?"

तेव्हापासून ते रोज तिथे थांबायचे. करणार काय? विकायची तर दुसऱ्या कुणाच्या गळ्यात मारायची? थांबायचं, पाटे कुरकुरू द्यायचे, पुढे निघायचं. माणूस यालाही सरावतो, साहेब. थकून सरावतो.

काल थांबले तेव्हा गाडी उचलली गेली नाही...

खाली दबली.

आता ती बहिणीच्या दारात उभी आहे. हौदा रिकामा. पाटे अजून दबलेले. बहीण खिडकी उघडत नाही.

त्या चढावर तुमचा ड्रायव्हर कुणासाठी थांबला नाही, साहेब?

नाव सांगा. निदान 'उतर बाबा' म्हणून हाक तरी मारता येईल.