गांडुळांना संत्री सोसत नाहीत

"थांबा, थांबा! ते फेकू नका!"

कचरापेटीत डबा उपडा करणार, तोच मागून कुणीतरी ओरडलं. वळून पाहिलं तर मातीनं माखलेले हात, कपाळावरही मातीचा पट्टा, आणि नजर... माझ्यावर नाही, डब्यावर!

"बटाट्याच्या साली, चहाचा चोथा... एवढं सोनं फेकता?"

"हवं तर घ्या. पण डबा परत करा हं, नाहीतर वहिनी मला घराबाहेर काढेल."

अशी आमची ओळख झाली. तो आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राहायचा. दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवायचा आणि संध्याकाळी इमारतीमागच्या पडीक तुकड्यात भाजी पिकवायचा. विकतचं खत नाही, फवारणी नाही. घराघरांतल्या साली, वाळका पाला आणि लाकडी पेटीत पाळलेली गांडुळं, एवढाच त्याचा कारभार. दादा त्याला 'गांडूळमास्तर' म्हणायचा. मी तेव्हा दादा-वहिनीकडे राहून नोकरी शोधत होते. रोज संध्याकाळी डबा घेऊन खाली जाण्याची मला भारी हौस वाटायला लागली.

"बटाटे तुम्ही सोललेत ना?" तो डब्यात डोकावून विचारायचा. "सालीबरोबर निम्मा बटाटाही आलाय."

"मुद्दामच! तुमच्या गांडुळांना उपाशी ठेवू?"

मग मला सुचलं, आपल्या डब्याला छान वास यायला हवा. मी आठवडाभर नुसती संत्री खाल्ली आणि साली भरभरून नेऊन दिल्या. एके संध्याकाळी खाली गेले, तर तो पेटीपुढे डोक्याला हात लावून बसलेला. सगळी गांडुळं वर पळून झाकणाला चिकटली होती.

"हा तुझा उद्योग ना?"

तो पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला. माझी अशी काही धांदल उडाली!

"छान वास यावा म्हणून..."

"कुणाला? गांडुळांना?"

मी काय सांगणार, कपाळ! दोघांनी मिळून एकेक साल वेचून काढली. तो मधेच हसायचा, मी चिडायचे, आणि आमची बोटं उगाचच एकमेकांना लागायची. ती संध्याकाळ आठवली की अजूनही माझे कान गरम होतात.

मला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, त्याच दिवसांत त्याच्या घेवड्याच्या वेलावर मावा ही कीड पडली. दादा औषधाची बाटली घेऊन आला. "एक फवारा मार, मिटलं!"

"माव्याबरोबर त्याला खाणारे किडेही मरतील, दादा," असं म्हणून तो ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत राहिला. मीही फडकं घेऊन वेलाच्या पलीकडे उभी राहिले. पानांतून त्याचे डोळे तेवढे दिसत होते. त्यानं 'थांब' म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

"मला नोकरी लागली. सोमवारी निघतेय."

त्याचा हात थांबला. "अभिनंदन."

"एवढंच?" माझा आवाज फुटलाच. "डब्यावरून घरातलं सगळं कळतं तुला, आणि..."

"कळतं गं. पण 'थांब' कसं म्हणू? एवढी मनासारखी नोकरी आहे. मी म्हणणारच नाही तसं."

माझे डोळे भरून आले. फडकं तिथेच टाकून मी वळले.

"ऐक तरी... मी आलो तर चालेल?"

"तू? आणि ही माती? किती वर्षं घातलीस हिच्यात!"

"घातली ना. नुसती खडी होती इथे." त्यानं जमिनीकडे पाहिलं, बराच वेळ. "तिथेही खडीच असेल. करू पुन्हा पहिल्यापासून. आणि पोटाचं म्हणशील तर दात काय, सगळीकडेच पडतात."

मी रडता रडता हसले. वेलाला वळसा घालून गेले आणि त्याचा मातकट हात घट्ट धरला. वर खिडकीत वहिनी उभी होती. म्हटलं, बघू दे.