बाहीवरचा नाल

"माझे वडील फौजेत कप्तान होते, कप्तान."

आजोबांचं हे बोलणं टिपरीने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती चार वर्षांची होती. सांगताना आजोबा तिच्याकडे नाही, खिडकीबाहेर बघत होते. तेवढंच तिच्या मनात रुतून बसलं होतं.

आता ती बारा वर्षांची, सुट्टीला आजोबांकडे आलेली. पणजोबांचा कोट संग्रहालयाला दिला आणि आजोबांनी अंथरूणच धरलं. उद्या तो कोट काचेच्या कपाटात लागणार होता. तो झटकून द्यायला टिपरी आणि शिंप्याचा मुलगा भोपळ्या संग्रहालयाच्या मागच्या खोलीत आले होते. बाहेर आभाळ राखेसारखं, आत ओल्या भिंतींचा वास.

बाहीवर तीन झगमगीत पट्टे होते.

"हे पट्टे कालचे आहेत," भोपळ्या म्हणाला.

"तू काल होतास वाटतं इथे?"

"दोरा बघ की. नायलॉनचा! तुझे पणजोबा आमच्याच दुकानात आले होते का दोरा न्यायला?"

टिपरी हसली नाही. पट्ट्यांच्या आडून विटलेल्या कापडावर एक गडद डाग डोकावत होता. "उसव," ती म्हणाली.

पट्टे निघाले. भोपळ्याने बाही खिडकीशी धरली. जुन्या टाक्यांच्या भोकांतून उजेड झिरपला. चांदण्या ओळीने उगवाव्यात तसा एकेक ठिपका लागत गेला आणि घोड्याचा नाल उमटला.

"अरे, काय चालवलंय काय?" दारात संग्रहालयाचे साहेब उभे.

"पट्टे कुणी लावले, काका?" टिपरीने विचारलं.

"मीच. बाही ओकीबोकी दिसत होती. तुझे आजोबा कप्तान म्हणाले, मी पट्टे लावले."

"आणि फौजेच्या खुणांचं पुस्तक असतं ना, ते नाही बघितलं?"

साहेबांचा चहाचा कप त्याच पुस्तकावर होता. त्यांनी तो गुपचूप उचलला. पुस्तकात चित्रासकट होतं: कप्तानाची खूण खांद्यावर. बाहीवर नाल असेल, तर तो नालबंद, फौजेतल्या घोड्यांना नाल ठोकणारा.

साहेब खुर्चीत बसले. "पोरांनो, वीस वर्षं इथे आहे, पण मी बाही कधी उजेडात धरली नाही. शाबास. पण पाटी बदलायची, तर आजोबांना विचारून या."

टिपरीला घर नको इतकं जवळ वाटलं. आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. तिने पट्टे त्यांच्या हातात ठेवले.

"आजोबा, पाटीवर काय लिहायचं?"

त्यांनी पट्टे चाचपले. मग त्यांनी उशीखालून चष्म्याचं घर काढलं. आत सुताने भरलेला, पिवळा पडलेला कापडी नाल होता.

"नालबंद लिहा," ते म्हणाले. या वेळी ते टिपरीकडेच बघत होते. "शाळेतली पोरं मला बघून खिंकाळायची. नऊ वर्षांचा होतो मी. एका दुपारी वडील झोपले होते, तेव्हा ब्लेडने मीच हा उसवला. उठल्यावर त्यांनी बाही पाहिली, मग मला पाहिलं. तसाच कोट अंगात घालून कामाला गेले. आणि मी, पोरी, त्यांना कधी सांगितलंच नाही, की नाल माझ्याकडे आहे."